गवंडी, युनिव्हॅक आणि रात्रीचं कॉलेज

आमच्या अपार्टमेंटच्या खालच्या मजल्यावर एक इक्वेडोरचे गृहस्थ राहतात. वय पंचेचाळीसच्या आसपास. वीसेक वर्षं न्यू जर्सीत घरं बांधतायत, म्हणजे लाकडी फ्रेमिंग आणि ड्रायवॉल. परवा लाँड्रीत भेटले तेव्हा वॉशिंग मशीनवर वही उघडी टाकून बसले होते. वहीत चौकोन, बाण आणि आकडे. मला म्हणाले, "तुम्ही कंप्युटरवाले ना? हे फ्लोट म्हणजे काय असतं जरा सांगा. गुरुवारी टेस्ट आहे."

इथल्या एका काउंटी कॉलेजात ते संध्याकाळी कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटचा कोर्स करतात. सकाळी सहाला साइटवर, साडेसहाला वर्गात (संध्याकाळच्या!), रात्री दहाला घरी. मी वहीत डोकावलो आणि चाटच पडलो. ऑफिसात मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट उघडून मी रोज ज्याच्याशी झटापट करतो तेच हे! फक्त आमच्याकडे टास्कचं नाव 'लॉगिन मॉड्यूल' असतं, त्यांच्याकडे 'पाया'.

फ्लोट त्यांना अर्ध्या तासात समजला. त्यांना काय समजत नव्हतं ते खरं तर मला नंतर कळलं, त्याबद्दल शेवटी सांगतो. पण घरी आल्यावर डोक्यात किडा वळवळायला लागला. वीस वर्षं घरं बांधणाऱ्या माणसाला घर कसं बांधायचं हे कॉलेजात जाऊन का शिकावं लागतं? आणि साइटवर 'मॅनेजर' नावाचा वेगळा प्राणी आला कुठून? दोन वीकेंड त्यातच गेले. गंमत म्हणजे या गोष्टीतली बरीचशी ठिकाणं माझ्या घरापासून गाडीने दीड-दोन तासांच्या आत निघाली.

सुरुवात एका गवंड्यापासून करू. फ्रँक गिलब्रेथ, जन्म १८६८. हुशार पोरगा, एमआयटीत जायची तयारी झालेली. पण १८८५ साली, सतराव्या वर्षी, त्याने बोस्टनमध्ये गवंड्याच्या हाताखाली उमेदवारी पत्करली. पहिल्याच दिवसांत त्याच्या लक्षात आलं की शिकवणारा प्रत्येक गवंडी वेगळ्या तऱ्हेने वीट लावतो. इतकंच नाही, एकच गवंडी सावकाश काम करताना एक पद्धत वापरतो, घाईत असताना दुसरी आणि नवख्याला दाखवताना तिसरीच! कोडिंगचा अनुभव असलेल्या कुणालाही हे पटेल. आपण ज्युनिअरला शिकवतो एक आणि रिलीजच्या आदल्या रात्री करतो भलतंच.

गिलब्रेथने मग हालचाली मोजायला घेतल्या. एक वीट लावायला गवंडी साधारण अठरा हालचाली करतो, त्यातल्या बऱ्याचशा वाकून वीट उचलण्यात, ती उलटसुलट करून चांगली बाजू शोधण्यात जातात. त्याने परांची अशी बनवली की भिंत वर जाईल तशी तीही वर सरकवता यावी आणि विटा कमरेच्या उंचीवर फळीवर असाव्यात. विटा आधीच चांगली बाजू समोर करून रचून ठेवायचं काम स्वस्तातल्या बिगाऱ्याला दिलं. हालचाली उरल्या पाच. फ्रेडरिक टेलरने १९११ च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात हे उदाहरण दिलंय: तासाला १२० विटांवरून ३५०. गिलब्रेथचं स्वतःचं विटांवरचं पुस्तक १९०९ चं. तोवर तो स्वतः मोठा कंत्राटदार झाला होता. पुढे तो आणि त्याची बायको लिलियन, जी मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेली बाई होती, न्यू जर्सीतल्या माँटक्लेअरला राहायला आले. तिथल्याच स्टेशनवर फोनवर बोलताना १९२४ साली तो हार्ट अटॅकने गेला. बारा मुलं झालेल्या या घराची कथा 'चीपर बाय द डझन' मधून आपल्यापैकी काहींना माहीत असेल. फ्रँकनंतर लिलियनने काम चालू ठेवलं आणि १९३५ मध्ये ती पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक झाली.

आता यात दोन गोष्टी आहेत. एक चांगली: गवंड्याची पाठ वाचली. रोज हजार वेळा कमरेत वाकणं बंद झालं. पण दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. 'वीट कशी लावायची' हे ज्ञान तोपर्यंत गवंड्याच्या हातात होतं. बापाकडून मुलाकडे, उस्तादाकडून उमेदवाराकडे जात होतं. गिलब्रेथ आणि टेलरनंतर ते ऑफिसातल्या कागदावर गेलं. कागद ज्याच्या हातात, तो मॅनेजर.

माझे मामा सांगलीकडे छोटी बांधकामं घेतात. त्यांच्याकडे एक मिस्त्री आहेत, ज्यांना मी लहानपणापासून दादा म्हणतो. दादांच्या खिशात ओळंबा आणि कानावर पेन्सिल. कागद नाहीच. स्लॅबला किती सिमेंट लागेल हे विचारलं की जागेकडे एकदा बघतात, "सत्तर पोती धरा" म्हणतात आणि दोन-चार पोतीच इकडेतिकडे होतात. पण सरकारी टेंडर भरायचं असेल तर मामांना इंजिनिअरची सही शोधत फिरावं लागतं. दादांच्या सत्तर पोत्यांना सही नाही. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचं दुखणं हेच आहे. साइटवर सुपरिंटेंडेंटची जागा निघाली की विचारतात, डिग्री आहे का?

तर कागदाची दुसरी गोष्ट. अमेरिकेतलं सर्वात जुनं सार्वजनिक ज्युनिअर कॉलेज म्हणजे इलिनॉयमधलं जोलिएट, साल १९०१. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि जोलिएटच्या हायस्कूलचे जे. स्टॅनली ब्राउन यांची ही कल्पना. सुरुवातीला विद्यार्थी होते सहा. हार्परच्या मनात काय होतं ते मजेशीर आहे. त्याला पहिली दोन वर्षं आपल्या विद्यापीठातून बाहेर काढायची होती, म्हणजे खरे विद्वान तेवढेच आत येतील. थोडक्यात काय, जी संस्था पुढे गरिबाचं दार झाली तिची सुरुवात दुसरं एक दार अरुंद करण्याच्या विचारातून झाली.

बरीच वर्षं ही ज्युनिअर कॉलेजं हायस्कुलाची शेपटी म्हणूनच राहिली. चित्र बदललं ते दुसऱ्या महायुद्धाने.

युद्धात नौदलाने 'सीबीज' नावाची बांधकाम दलं उभी केली, १९४२ मध्ये. धावपट्ट्या, धक्के, बरॅकी बांधायला भरती केली ती थेट सुतार, प्लंबर, वेल्डर, क्रेनवाल्यांची. सुरुवातीच्या तुकड्यांचं सरासरी वय सदतीस होतं म्हणतात, म्हणजे सैन्याच्या मानाने अगदी काका मंडळी. पॅसिफिकमधल्या बेटांवर हे लोक काही आठवड्यांत विमानतळ उभे करत. त्यांच्यातच एक होता विल्यम लेव्हिट. हे नाव लक्षात ठेवा.

२२ जून १९४४ ला रूझवेल्टने जी.आय. बिलावर सही केली. परतणाऱ्या सैनिकांना शिक्षणाचा खर्च आणि घराच्या कर्जाला हमी. सगळे सांगतात ती गोष्ट अशी की लाखो सैनिक कॉलेजात गेले आणि अमेरिकेचा मध्यमवर्ग तयार झाला. आकडे बघितले तर जरा वेगळं दिसतं. साधारण ७८ लाख माजी सैनिकांनी शिक्षण-प्रशिक्षणाचा फायदा घेतला, त्यातले २२ लाख कॉलेज-विद्यापीठांत गेले. उरलेले ५६ लाख? ते ट्रेड स्कूल, कामावरचं प्रशिक्षण, शेतीचं प्रशिक्षण अशा ठिकाणी गेले. म्हणजे दर दहातले सात. हार्वर्डच्या हिरवळीवर सैनिकी कोट घातलेल्या पोरांचे फोटो आपण बघतो, वेल्डिंग शिकणाऱ्याचा फोटो कुणी छापत नाही.

या लोंढ्याचं पुढे काय करायचं म्हणून अध्यक्ष ट्रूमन यांनी १९४६ साली उच्चशिक्षणावर एक आयोग नेमला, अध्यक्ष जॉर्ज झूक. १९४७ च्या डिसेंबरात त्याचा अहवाल यायला लागला, सहा खंडांत. 'कम्युनिटी कॉलेज' हा शब्द रूढ झाला तो या अहवालामुळे. चौदावीपर्यंतचं शिक्षण फुकट असावं, कॉलेज घरापासून जवळ असावं, त्यात पुढच्या डिग्रीची तयारीही असावी आणि पोटापाण्याचं शिक्षणही, असं त्यांनी लिहिलं. पन्नास वर्षांपूर्वी हार्परने दार अरुंद करायचं म्हटलं होतं, हे लोक म्हणाले भिंतच पाडा. सगळं काही लगेच झालं नाही (आयोगांचं सगळं कधी होतं?), पण नकाशा तयार झाला.

आता लेव्हिटकडे येऊ. एका शनिवारी मी रूट वनने खाली पेनसिल्व्हेनियातल्या लेव्हिटाउनला गेलो. पाहण्यासारखं काही नाही हो. वळणावळणाचे रस्ते, छोटी घरं, ज्यांना लोकांनी इतक्या खोल्या जोडल्यात की मूळचं घर ओळखू येत नाही. पण इतिहास वाचून गेलं की अंगावर येतं.

लेव्हिटने १९४७ मध्ये लाँग आयलंडवर बटाट्याच्या शेतांत घरं बांधायला सुरुवात केली. तळघर नाही, सरळ काँक्रीटचा स्लॅब. घर बांधण्याचे सत्तावीस टप्पे पाडले. मोटारीच्या कारखान्यात गाडी पट्ट्यावरून पुढे सरकते आणि माणूस जागेवर असतो, इथे उलटं. घर जागेवर आणि टोळ्या एका घरातून दुसऱ्यात. एक टोळी फक्त पांढरा रंग देणार, तिच्या मागून येणारी फक्त लाल. ऐन भरात दिवसाला तीस घरं पूर्ण होत. १९५१ पर्यंत १७ हजारांवर घरं. १९४९ मधल्या मॉडेलची किंमत ७,९९० डॉलर. त्यानंतर पेनसिल्व्हेनियात तेवढंच आणखी एक शहर, १९५२ ते ५८.

गिलब्रेथने एका विटेचं जे केलं ते लेव्हिटने अख्ख्या घराचं केलं. यात सुताराला सुतारकी येण्याची गरज कमी झाली आणि सत्तावीस टोळ्या एकमेकांच्या पायात येणार नाहीत हे बघणाऱ्या माणसाची गरज प्रचंड वाढली. लेव्हिट युनियनच्या बाहेरचे कामगार वापरायचा. जुन्या पद्धतीने पाच-पाच वर्षं उमेदवारी करून तयार होणारा सुतार त्याला परवडणारा नव्हता आणि नकोही होता.

आणि ही घरं फक्त गोऱ्यांना. करारात तसं लिहिलेलं असे, आणि १९४८ मध्ये सुप्रीम कोर्टाने असली कलमं कोर्टातून बजावता येणार नाहीत असं म्हटल्यावरही धोरण तेच राहिलं. ऑगस्ट १९५७ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या लेव्हिटाउनमध्ये विल्यम आणि डेझी मायर्स हे कृष्णवर्णीय जोडपं पोरांसकट राहायला आलं. विल्यम स्वतः महायुद्धातले माजी सैनिक. घर लेव्हिटकडून नाही, एका मूळ मालकाकडून घेतलं होतं. तर बाहेर शेकडोंचा जमाव, दगडफेक, खिडक्या फुटल्या, कित्येक दिवस पोलीस बंदोबस्त. मायर्स कुटुंब हललं नाही. तो रस्ता मी शोधला. डॉगवूड हॉलो नावाचा भाग. एक म्हातारी कुत्रं फिरवत होती, बाकी शुकशुकाट.

जी.आय. बिलाचंही तेच. कायद्यात रंगाचा उल्लेख कुठेच नव्हता, पण अंमलबजावणी स्थानिक बँका आणि स्थानिक अधिकाऱ्यांच्या हातात. मिसिसिपीत १९४७ मध्ये हमी मिळालेली घर, धंदा आणि शेतीची कर्जं होती ३,२२९. त्यातली कृष्णवर्णीयांना मिळाली दोन. दोनशे नव्हे, दोन.

त्याच १९५७ साली, लेव्हिटाउनपासून तासाभराच्या अंतरावर, डेलावेअरमध्ये माझ्या आवडीची गोष्ट घडत होती. ड्युपाँट ही रसायनांची कंपनी. तिने युनिव्हॅक-१ हा कंप्युटर घेऊन ठेवला होता, सुमारे तेरा टनांचं, पाच हजार व्हॅक्युम ट्यूब्जचं धूड, किंमत दहा लाख डॉलरच्या वर. आता एवढा पैसा घातलाय तर याला कामाला काय लावायचं? (ही परिस्थिती आमच्या क्षेत्रात आजही अधूनमधून येते. :-) ) ड्युपाँटचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे गणिती जेम्स केली यांनी ठरवलं, कारखाने बांधायचं वेळापत्रक याच्याकडून करून घ्यायचं.

कल्पना ऐकायला फार साधी. कामांची यादी करा, प्रत्येकाला किती दिवस लागतील ते लिहा, कुठलं काम कुठल्याच्या आधी व्हायला हवं ते लिहा. सुरुवातीपासून शेवटापर्यंत जाणाऱ्या साखळ्यांपैकी जी सर्वात लांब, तिच्यावर प्रोजेक्ट अवलंबून. तिच्यातलं एक काम एक दिवस लांबलं की अख्खा प्रोजेक्ट एक दिवस लांबतो. केली तिला 'मेन चेन' म्हणायचा. 'क्रिटिकल पाथ' हे नाव आलं ते नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रावर जवळजवळ त्याच वेळी 'पर्ट' ही तशीच पद्धत बनवणाऱ्या मंडळींकडून. केली आणि वॉकरचा पेपर १९५९ चा.

शेजाऱ्यांना मी वॉशिंग मशीनवर जे उदाहरण दिलं तेच देतो. एक गॅरेज बांधायचंय. पाया खणणं, ओतणं, सुकणं मिळून १० दिवस. मग भिंती ६ दिवस, मग छप्पर ४ दिवस. शेवटी मोठा दरवाजा बसवायचा, १ दिवस. एकूण २१. दरवाजा ऑर्डर केल्यावर यायला लागतात १५ दिवस. छप्पर होतं विसाव्या दिवशी, दरवाजा येतो पंधराव्या. म्हणजे दरवाजाची ऑर्डर पाच दिवस उशिरा दिली तरी चालेल. ते पाच दिवस म्हणजे फ्लोट. आता दुकानदार म्हणाला, माल नाही, २५ दिवस लागतील. तर काम २६ दिवसांवर गेलं, आणि पाया-भिंती-छप्पर या सगळ्याला पाच दिवसांचा फ्लोट मिळाला. पहिल्या दिवशीचं सर्वात महत्त्वाचं काम खणणं नाही, दुकानदाराला फोन करणं.

हे ऐकून शेजारी म्हणाले, "हे तर मला माहीत आहे. मी नेहमी दरवाजे आधीच मागवतो."

अर्थातच माहीत आहे! चार कामांचं गॅरेज सगळ्यांच्या डोक्यात मावतं. चारशे कामांचं हॉस्पिटल मावत नाही. तिथे गणित लागतं. पण बघा, १९५७ मध्ये त्या गणिताला युनिव्हॅक लागत होता. आणि युनिव्हॅक ड्युपाँटकडे होता, दहा माणसांच्या कंत्राटदाराकडे नव्हता. ज्ञान गवंड्याच्या हातातून कागदावर गेलं होतं, आता कागदावरून तेरा टनांच्या यंत्रात गेलं.

त्यातच एक किस्सा. एनिअ‍ॅक बनवणाऱ्या जोडीतले जॉन मॉक्ली, म्हणजे आपल्या धंद्याचे एक आजोबाच, त्यांनी १९५९ मध्ये फिलाडेल्फियाजवळ स्वतःची कंपनी काढली आणि तिथे कंत्राटदारांना, मॅनेजरांना क्रिटिकल पाथचे क्लास घ्यायला लागले. केलीही त्यांच्याबरोबर होता. कंप्युटरच्या जनकाने उरलेल्या आयुष्यात काय केलं असेल असं कुणी विचारलं असतं तर 'बांधकामाच्या वेळापत्रकाचे क्लास' हे उत्तर मी शंभर वर्षांत दिलं नसतं.

पण माझा या गोष्टीतला हीरो मॉक्ली नाही. तो आहे स्टॅनफर्डचा जॉन फाँडाल. स्टॅनफर्डमध्ये क्लार्कसन ओग्लेसबी यांनी १९५० च्या दशकात बांधकामाच्या व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम सुरू केला होता, फाँडाल तिथे शिकवायचा. नौदलाच्या ज्या खात्यात सीबीज होते, त्याच 'ब्युरो ऑफ यार्ड्स अँड डॉक्स'ने त्याला अभ्यास करायला पैसे दिले. १९६१ मध्ये त्याचा अहवाल आला. शीर्षकाचा अर्थ सरळ सांगायचा तर 'बांधकाम उद्योगासाठी क्रिटिकल पाथची बिन-कंप्युटरची पद्धत'. कंप्युटर युगाच्या ऐन उत्साहात, सिलिकॉन व्हॅलीच्या ऐन मध्यावर बसून, एक प्राध्यापक लिहितो की याला कंप्युटर लागत नाही, कागद-पेन्सिल पुरते!

त्याने केलं काय? केली-वॉकरच्या पद्धतीत काम म्हणजे बाण आणि दोन बाण मिळतात ती जागा म्हणजे घटना. त्यात तर्क जुळवायला खोटे, शून्य दिवसांचे बाण घालावे लागत, आणि माणसाचा गोंधळ उडे. फाँडालने उलटं केलं. काम म्हणजे गोल, आणि गोलांना जोडणाऱ्या रेषा म्हणजे 'हे त्याच्या आधी'. संपलं. खोटे बाण गेले. साध्या बेरीज-वजाबाकीने, हाताने, साइटवरच्या टेबलावर सगळं गणित करता येऊ लागलं.

आणि काळाचा न्याय बघा. कंप्युटर स्वस्त झाले, १९८३ साली फिलाडेल्फियाच्याच बाजूला प्रिमाव्हेरा निघाली, १९८४ मध्ये मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट आलं. आज या सॉफ्टवेअरमध्ये आपण जे चौकोन आणि रेषा बघतो ती जातकुळी फाँडालची. कंप्युटरसाठी बनवलेली बाणांची पद्धत मागे पडली आणि कंप्युटर नको म्हणून काढलेली पद्धत कंप्युटरमध्ये जाऊन बसली. माणसाला समजायला सोपं ते शेवटी टिकतं, असं मी परवा आमच्या आर्किटेक्टला म्हणालो. त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आता हे सगळं एकत्र कुठे आलं? कम्युनिटी कॉलेजात. १९६० च्या दशकात अमेरिकेत ४५७ सरकारी कम्युनिटी कॉलेजं उघडली, सरासरी जवळजवळ आठवड्याला एक. न्यू जर्सीने १९६२ मध्ये काउंटी कॉलेजांचा कायदा केला आणि पहिली चार १९६६ ला सुरू झाली. त्यातलं एक आमच्या एडिसनचं मिडलसेक्स, तेही जुन्या रॅरिटन शस्त्रागाराच्या जमिनीवर. ज्या जागेतून युद्धात दारूगोळा जहाजांवर चढवला गेला तिथे वर्ग भरू लागले. १९६३ च्या व्होकेशनल एज्युकेशन कायद्याने धंदेशिक्षणाला केंद्राचे पैसे वाढले. विद्यापीठांत बांधकाम शिकवणं याआधीच होतं, फ्लोरिडा विद्यापीठात तर १९३५ पासून. पण आता दोन वर्षांची, साठेक क्रेडिटची डिग्री रात्रीच्या वर्गात मिळू लागली. नकाशे वाचणं, मालाचा हिशेब, अंदाजपत्रक, करार, सुरक्षा आणि हो, क्रिटिकल पाथ. १९७४ मध्ये अशा अभ्यासक्रमांना मान्यता देणारी 'अमेरिकन कौन्सिल फॉर कन्स्ट्रक्शन एज्युकेशन' स्थापन झाली, ती दोन वर्षांच्या डिग्रीलाही मान्यता देते. (आपल्याकडे निकमार १९८३ चं, पण ते मुख्यतः आधीच इंजिनिअर झालेल्यांसाठी. दादांसाठी नाही.)

वेळही महत्त्वाची होती. बांधकामाच्या युनियनमध्ये शिरायचा रस्ता म्हणजे बाप किंवा काका आत असणं. मे १९६३ मध्ये फिलाडेल्फियात एका नव्या शाळेच्या साइटवर कृष्णवर्णीयांनी धरणं धरलं. शाळा आमच्या वस्तीत, मुलं आमची, आणि बांधणाऱ्यांत आमचा एकही कुशल कारागीर का नाही, हा प्रश्न होता. १९६९ मध्ये निक्सन सरकारने, कामगार खात्याचे आर्थर फ्लेचर यांच्या पुढाकाराने, 'फिलाडेल्फिया प्लॅन' आणला. सरकारी पैशाच्या मोठ्या कामांवर सहा धंद्यांत अल्पसंख्याकांना घेण्याची उद्दिष्टं ठरवून दिली. कंत्राटदार कोर्टात गेले, १९७१ ला हरले. युनियनचं दार ढकलत ढकलत थोडं उघडलं. काउंटी कॉलेजाच्या दाराला मात्र बाप-काका विचारायची सोयच नव्हती. फी भरा, बसा.

म्हणून सगळं गोड झालं असं मात्र मी म्हणणार नाही. बर्टन क्लार्क नावाच्या समाजशास्त्रज्ञाने सॅन होजेच्या ज्युनिअर कॉलेजचा अभ्यास करून १९६० मध्ये एक बोचरा मुद्दा मांडला. ही कॉलेजं सर्वांना आत घेतात आणि मग सल्ला देत, चाचण्या घेत, हळूहळू मोठी स्वप्नं थंड करतात. इंजिनिअर व्हायचं म्हणून आलेल्या पोराला 'तुला टेक्निशियनच बरं' हे त्याच्याच तोंडून वदवतात. वाचताना मला राग आला, आणि मग आठवलं की आपल्याकडे डिप्लोमावाल्याला आयुष्यभर 'डिप्लोमावाला'च म्हणतात. मीही म्हटलंय. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला डिप्लोमा करून आलेली जी मुलं वर्गात बसली, त्यांना वर्कशॉपमध्ये आमच्यापेक्षा दुप्पट येत होतं, आणि आम्ही मागे बसून त्यांच्या इंग्रजीला हसत होतो.

पण क्लार्कचा विद्यार्थी अठरा वर्षांचा होता. माझे शेजारी पंचेचाळीसचे आहेत. त्यांना कुणी थंड करत नाहीये, ते आधीच वीस वर्षं उन्हात आहेत. त्यांच्यासाठी हा रस्ता उलट्या दिशेने जातो. गिलब्रेथने गवंड्याच्या हातातून उचलून ऑफिसात नेलेली गोष्ट परत घ्यायला ते ऑफिसात चाललेत.

तर, त्यांना काय समजत नव्हतं ते. टेस्टच्या आदल्या रात्री परत आले. प्रश्न फ्लोटचा नव्हताच. पुस्तकातल्या उदाहरणात ड्रायवॉल लावून झाल्यावर सांध्यांचं फिनिशिंग धरून ४ दिवस दिले होते. त्यांचं म्हणणं, तेवढ्या घराला पावसाळी हवेत सहा लागतात, सांध्यांचा मसाला सुकतच नाही. चार लिहिलं तर उत्तर बरोबर येईल पण घर चुकेल. काय लिहू?

मी म्हटलं टेस्टमध्ये चार लिहा.

गुरुवारी रात्री साडेदहाला दारावर टकटक. चार लिहून गणित सोडवलं होतं, आणि खाली एक ओळ: हवा दमट असेल तर सहा धरा, मग क्रिटिकल पाथ बदलतो, आणि तो असा. खाली दुसरा नकाशा काढला होता, गोल आणि रेषा. शिक्षक स्वतः पूर्वी साइटवर सुपरिंटेंडेंट होते म्हणे. त्यांनी पेपर गोळा करताना ती ओळ वाचली, आणि विचारलं, "पंखे लावून पाच दिवसांत होत नाही का?"

"मग?" मी विचारलं.

"मग काय, वाद घालत बसलो पार्किंगमध्ये. म्हणून उशीर झाला."